‘कधी आलास?’ आणि ‘कधी जाणार?’

गाव सोडून शहरात पोटापाण्यास लागलेला मनुष्य चार दिवसांच्या रजेवर गावी गेला, की रस्त्यात, बाजारात, देवळाच्या पायरीवर भेटणारा प्रत्येक ओळखीचा माणूस त्याला दोन प्रश्न विचारतो. पहिला, ‘कधी आलास?’ आणि दुसरा, ‘कधी जाणार?’ हे प्रश्न इतके ठरीव झाले आहेत, की नमस्कार-चमत्काराचाच एक भाग समजून आपण ते सोडून देतो. पहिला प्रश्न खरोखरच तसा असतो. दुसरा तसा नसतो. विचारणाऱ्याच्याही नकळत त्यात एक हिशेब दडलेला असतो. समोरचा माणूस येथे किती दिवस आहे, यावर त्याला काय सांगावयाचे, किती सांगावयाचे आणि काय पोटात ठेवावयाचे, हे ठरत असते. ‘उद्या सकाळच्या गाडीने’ असे उत्तर आले, की विचारणारा हसून ‘बरं, बाकी सगळं ठीक?’ असे म्हणतो. आपणही ‘ठीक’ म्हणतो. आणि एकमेकांच्या हाती एकेक ‘ठीक’ ठेवून दोघेही आपापल्या वाटेने जातात.

विषय घरगुती आहे, वर्तमानपत्राच्या या पानावर त्याचे काय काम, अशी शंका कोणास येईल. परंतु या पानाच्या वाचकांत जे शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी आहेत, त्यांतील फार मोठा वर्ग असा आहे की ज्याचे घर एका ठिकाणी आणि मुक्काम दुसऱ्या ठिकाणी आहे. गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात किंवा एखाद्या लग्नाच्या निमित्ताने तो घरी जातो, जुन्या मित्रांना भेटतो आणि परत येतो. या भेटी आखूड होत चालल्या आहेत. त्यात केवळ भावनांचे नुकसान होत असते, तर ही गोष्ट ललित निबंधापुरती ठेवता आली असती. पण या आखूड भेटींमुळे गावाविषयीचे आपले ज्ञान आखूड होते आणि त्याचा परिणाम गावाच्या सार्वजनिक जीवनावर होतो, असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

गेलेले आणि राहिलेले

उदाहरण म्हणून मी माझ्या परिचयाचेच गाव घेतो. चिपळूण हे वाशिष्ठी नदीच्या काठचे, २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ५५ हजार वस्तीचे शहर. ते ज्या रत्नागिरी जिल्ह्यात आहे, त्याची लोकसंख्या २००१ साली १६ लाख ९६ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. शेजारच्या सिंधुदुर्गातही याच दशकात घट झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना महाराष्ट्रातील ज्या अगदी मोजक्या जिल्ह्यांत माणसे कमी झाली, त्यांत कोकणचे हे दोन जिल्हे आहेत. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या; राज्याचे सरासरी प्रमाण ९२९ होते. या आकड्याचा अर्थ सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पुरुष मुंबईस गेले आहेत, हा त्याचा सरळ अर्थ.

कोकणातून मुंबईस जाणे ही काही नवी गोष्ट नव्हे. गिरणगावातील खोल्यांत दाटीवाटीने राहून मनिऑर्डरी पाठविणारा चाकरमानी हा कोकणच्या अर्थव्यवस्थेचा कणा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यात सुमारे अडीच लाख कामगार सापडले, तेव्हा त्याचे चटके गिरणगावाप्रमाणेच रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील घरांनाही बसले. पुढे २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. रेल्वे आल्याने माणसे गावी परत येतील, असे काहींना वाटले होते. घडले ते असे, की जाणेही सोपे झाले आणि येणेही सोपे झाले. आणि येणे सोपे झाल्यामुळे राहणे आखूड झाले. पूर्वी बोटीने किंवा एस.टी.ने दीड-दोन दिवस मोडून आलेला मनुष्य महिनाभर राहत असे. आता रात्रीच्या गाडीने आलेला मनुष्य रविवारी रात्रीच्या गाडीने परततो.

भविष्याची सावली

थोडे दिवस राहणाऱ्यास माणसे थोडेच का सांगतात? रॉबर्ट ॲक्सेलरॉड या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८४ साली ‘द इव्होल्यूशन ऑफ कोऑपरेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वार्थी माणसेही परस्परांशी सहकार्य केव्हा करतात, हा त्याचा प्रश्न होता. संगणकावर डावपेचांच्या स्पर्धा घेऊन त्याने जे उत्तर काढले ते थोडक्यात असे, की दोघांची गाठ पुन्हा पुन्हा पडण्याची शक्यता जेवढी अधिक, तेवढे सहकार्य टिकण्याची शक्यता अधिक. पुढे येणाऱ्या भेटींचा आजच्या वागण्यावर जो प्रभाव पडतो, त्यास त्याने ‘भविष्याची सावली’ असे नाव दिले. व्यापारी उधारी देतो ती गिऱ्हाईक उद्या पुन्हा दुकानात येणार म्हणून. रेल्वे फलाटावर वडे विकणारा उधारी देत नाही.

मनातली गोष्ट सांगणे ही देखील एक प्रकारची उधारीच आहे. आपली अडचण सांगणारा मनुष्य ऐकणाऱ्याच्या हाती काही ठेवत असतो. ती गोष्ट त्याने समजून घ्यावी, चार दिवसांनी पुन्हा विचारावी, भलत्या ठिकाणी बोलू नये, अशी त्याची अपेक्षा असते. उद्या सकाळी जाणाऱ्यास ही उधारी देण्यात अर्थ नाही, हे आपले मित्र पुरते जाणतात. त्यात दुरावा नसतो, राग नसतो. साधा व्यवहार असतो. शिवाय एक सौजन्यही असते. दोन दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याच्या पुढ्यात आपली रडगाणी कशाला मांडा, त्याला चार घास आनंदाने खाऊ द्यावे, असे कोकणातल्या माणसाला मनापासून वाटते. व्यवहार आणि सौजन्य अशा दोन्ही बाजूंनी आपल्या वाट्याला येतो तो फक्त सारांश.

एरवी सामाजिक शास्त्रांत प्रयोग करता येत नाहीत. मला तसा एक अनायासे पाहावयास मिळाला. पावसाळ्यात तीन दिवसांसाठी घरी गेलो असता शाळेतल्या एका मित्राकडे गेलो. त्याचे बाजारपेठेत वह्या-पुस्तकांचे दुकान आहे. ओटीवर बसून चहा झाला. दुकान कसे चालले आहे, असे विचारल्यावर त्याने ‘चाललंय, देवाच्या दयेनं ठीक आहे’ असे सांगितले. मग शाळेतल्या मास्तरांच्या आठवणी निघाल्या, भरपूर हसणे झाले, ‘कधी जाणार?’ झाले, ‘उद्या’ झाले. त्या रात्री इकडे घाटात दरड आली आणि तिकडे महामार्गावर पाणी आले. जाणे तीन दिवस लांबले. दुसऱ्या दिवशी तोच मित्र, तीच ओटी, तोच चहा. या वेळी ‘कधी जाणार?’ या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. रस्ता मोकळा होईल तेव्हा, एवढेच मी सांगू शकत होतो. त्याने आत जाऊन एक फाइल आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

पुरानंतरचे आठ महिने

ती फाइल २२ जुलै २०२१ च्या पुराची होती. त्या दिवशी चिपळुणात काय घडले, ते वृत्तपत्रे वाचणाऱ्यास ठाऊक आहे. डोंगरात कोसळलेला पाऊस, त्यात भरतीची वेळ. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शहरात शिरले आणि बाजारपेठेतील कितीतरी दुकाने बुडाली. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी त्या खुणेवरून माल उंच ठेवला होता. पाणी त्या खुणेच्या वर गेले. १८६४ साली स्थापन झालेल्या आणि जानेवारी २०१३ मध्ये ८६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ज्याने चिपळुणात भरविले, त्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदाही २००५ प्रमाणे याही पुरात सापडली.

मित्राच्या दुकानात जूनमध्ये भरलेला वह्यांचा माल होता. करोनामुळे शाळा बंद, म्हणून माल तसाच पडून होता. वही भिजली की फुगते. फळीफळीवर गच्च रचलेल्या वह्या फुगून अशा अडकल्या, की त्या काढण्यासाठी पहारीने कपाटे फोडावी लागली. विम्याचे हप्ते त्याने नियमितपणे भरले होते. परंतु हप्ता कमी बसावा म्हणून पॉलिसीतून पुराचे कलम वगळलेले आहे, हे त्यास नुकसानीची पाहणी झाली त्या दिवशी कळले. बँकेचे कॅश क्रेडिट मालावर मिळालेले. माल गेला, कर्ज राहिले. घरातले सोने तारण ठेवले. त्याच्या पत्नीने घरी शिकवण्या सुरू केल्या. मदतीचे म्हणाल तर पहिले आठ दिवस पाण्याच्या बाटल्या, चादरी आणि धान्य इतके आले, की ठेवण्यास जागा नव्हती. मुंबई-पुण्याच्या वर्गमित्रांनी पैसेही पाठविले आणि ते उपयोगी पडले. पण आठव्या दिवसाहून आठवा महिना कठीण गेला, असे तो म्हणाला. तोवर सगळे आपापल्या कामाला लागले होते. आणि दुकान उघडे दिसत असल्याने ‘सावरलास ना?’ असे विचारणाऱ्यास ‘सावरलो’ असे सांगणे हे ओघानेच आले.

‘मग हे तू शनिवारी का नाही सांगितलंस?’ असे मी विचारले. तो शांतपणे म्हणाला, ‘शनिवारी तुझी गाडी होती.’ आतून त्याची पत्नी म्हणाली, ‘भाऊजी, गाडी गाठायची घाई असलेल्या माणसाला काय सांगायचं? त्याचं अर्धं लक्ष पिशवीत असतं.’

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. त्या दोघांच्या म्हणण्यात तक्रारीचा सूर मुळीच नव्हता. पाऊस पडला की छत्री उघडावी, तसे ते सहज होते. आणि म्हणूनच ते अधिक गंभीर आहे. ज्या गावाविषयी आपण शहरात अधिकाराने बोलतो, तेथील जवळच्या माणसाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना आपल्याला कळावी, यासाठी घाटात दरड कोसळावी लागते.

नोंद न होणारे अनुदान

गावी राहिलेले मित्र आपल्याला जे सांगत नाहीत, त्यात त्यांच्या अडचणींबरोबर त्यांची आपल्यासाठी होणारी कामेही असतात. शाळेत बरोबर असलेली एक मैत्रीण पोस्टाच्या आवर्ती ठेवीचे हप्ते घरोघर जाऊन गोळा करते. कोणत्या घराला कुलूप लागले, कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसे उरली, हे तिच्याइतके कोणत्याही खात्यास माहीत नसेल. हप्ता घेण्यास गेली, की काकूंच्या गोळ्या संपल्या आहेत काय हे ती पाहते, विजेचे बिल भरते, मुलाला फोन लावून देते. दुसरा एक मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. गल्लीतल्या बंद घरांच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्याकडे असतो. पावसाळ्यात कौले फुटली की माणूस लावणे, विहिरीचा पंप बघणे, रात्री-अपरात्री कोणास दवाखान्यात नेणे ही कामे तो वर्षानुवर्षे करीत आला आहे. त्याच्या स्वतःच्या शाळेचा पट दरवर्षी घटतो आहे. ती मुले ज्या घरांत जन्मली असती, त्याच घरांच्या किल्ल्या त्याच्या खिशात आहेत.

राष्ट्रीय उत्पन्न शिकविताना पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचे एक जुने उदाहरण आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. एखाद्या गृहस्थाने आपल्या पगारी घरकामवालीशी विवाह केला, तर काम तेवढेच होते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते. कारण पगार देणे थांबते आणि बिनपगारी कामाची नोंद होत नाही. वर्गात मुले हसतात. परंतु ज्या कामांची नोंद होत नाही ती कामे कोण करतो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. शहरात नोकरी करणारा मनुष्य कार्यालयात निश्चिंतपणे बसू शकतो, याचे एक कारण असे असते, की दोनअडीचशे किलोमीटरवर कोणी वर्गमित्र त्याच्या आईला तपासणीसाठी घेऊन गेलेला असतो. गावाने शहराला दिलेले हे अनुदान कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. पूर्वी चाकरमान्याची मनिऑर्डर गावी येई, तेव्हा शहराकडून गावाकडे येणारा प्रवाह डोळ्यांना दिसे. उलट दिशेचा प्रवाह तेव्हाही होता आणि आजही आहे; तो न दिसणारा आहे, एवढेच.

फुरसतीची महागाई

हे सर्व समजण्यास वेळ लागतो आणि तोच तर नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. स्वीडिश अर्थशास्त्रज्ञ स्टाफान लिंडर याने १९७० साली ‘द हॅरिड लेझर क्लास’ या पुस्तकात मांडलेला विचार येथे आठवतो. उत्पन्न वाढले की माणसाला फुरसत अधिक मिळेल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तासाची कमाई वाढली की प्रत्येक तास महाग वाटू लागतो. मग माणूस ज्यात वेळ फार लागतो अशा गोष्टी टाळून, ज्यात वस्तू आणि पैसा लागतो पण वेळ कमी लागतो अशा गोष्टींकडे वळतो.

शाळेच्या तुकडीचे जे स्नेहमेळावे हल्ली जागोजाग भरतात, त्यांकडे या दृष्टीने पाहावे. सभागृह घेतलेले असते, सर्वांना एका रंगाचे सदरे शिवलेले असतात, गुरुजनांना शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह दिले जाते, उत्तम जेवण असते आणि आकाशातून छायाचित्रे घेणारे यंत्रही असते. एका दिवसात साठ मित्र भेटतात. त्यांतील आनंद खोटा नसतो. त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पण साठ जणांना एका दिवसात भेटणे म्हणजे प्रत्येकाला काही मिनिटे देणे होय, आणि काही मिनिटांत ‘ठीक’ याखेरीज दुसरे काय सांगता येणार? व्हॉट्सॲपवरील वर्गमित्रांच्या गटाचीही तीच गत आहे. तेथे सकाळचे सुविचार येतात, वाढदिवस साजरे होतात, कोणाच्या मुलास किती गुण पडले ते कळते. दुकानातल्या भिजलेल्या वह्यांचे पुढे काय झाले, ते कळत नाही. साठ जणांसमोर कोणीही आपली फाइल उघडत नाही.

आणखी एक बाजू आहे. सारांश सांगण्याचा दोष केवळ राहिलेल्यांचा नव्हे. शहरातून आलेला मनुष्यही तेच करतो. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणारा प्राध्यापक गावी गेला की नुसताच ‘प्राध्यापक’ असतो. घराच्या कर्जाचा हप्ता पगाराचा किती भाग खातो, ते तो सांगत नाही. त्यामुळे गावातल्या मित्राला वाटते, हा सुखात आहे. याला आपले काय सांगावे? आणि याला वाटते, गावात काय, घरचे तांदूळ, घरची विहीर, निवांत आयुष्य. दोघेही एकमेकांच्या सुखाविषयी गैरसमज बाळगून मोठ्या प्रेमाने निरोप घेतात.

निर्गमन आणि आवाज

याचा गावाच्या सार्वजनिक जीवनाशी काय संबंध, ते आता सांगावयास हवे. लिंडरचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, १९७० साली, आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाचे ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कोणतीही संस्था बिघडू लागली, की तिच्यातील माणसांपुढे दोन मार्ग असतात. संस्था सोडून निघून जावे, हे निर्गमन. किंवा आत राहून तक्रार करावी, हा आवाज. नायजेरियातील रेल्वेचा अनुभव हर्शमनच्या नजरेसमोर होता. तेथे ट्रकची वाहतूक उपलब्ध झाल्यावर सर्वांत जागरूक ग्राहक रेल्वे सोडून गेले. परिणामी जे सर्वांत जोराने ओरडले असते तेच निघून गेल्याने रेल्वे सुधारली नाही. बाहेर पडण्याचा मार्ग सोपा असला, की आवाज क्षीण होतो.

गावांचेही असेच होते. शिकलेला, अर्ज लिहिता येणारा, अधिकाऱ्यापुढे न बिचकणारा वर्ग आधी बाहेर पडतो. तरीही मागे राहिलेले मुके नसतात. डिसेंबर २०२१ मध्ये चिपळूणच्या नागरिकांनी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांतील गाळ काढावा, या मागणीसाठी साखळी उपोषण केले आणि त्यानंतर गाळ काढण्याच्या कामास गती मिळाली. नदीपात्रात साचलेला गाळ, डोंगरउतारांवरील वृक्षतोड, वीजनिर्मितीनंतर वाशिष्ठीत सोडले जाणारे कोयनेचे पाणी, पूररेषा कोठे आखावी, हे प्रश्न गुंतागुंतीचे आहेत आणि त्यांवर तज्ज्ञांत व नागरिकांत मतभेद आहेत. पण त्यांवर बोलण्यासाठी मांडवात दिवसाचे काम सोडून जी माणसे बसली, ती राहिलेली माणसे होती.

मग गेलेल्यांनी काय करावे? हर्शमन स्वतः १९३३ साली जर्मनी सोडून गेलेला होता. पूर्व जर्मनीत १९८९ साली जे घडले त्याचा विचार करून त्याने १९९३ साली आपल्या सिद्धांतास एक महत्त्वाची पुरवणी जोडली. तेथे देश सोडून जाणाऱ्यांचा लोंढा आणि आत राहून रस्त्यावर उतरणाऱ्यांचा आवाज यांनी एकमेकांस मारले नाही, तर बळ दिले. म्हणजे निर्गमन आणि आवाज हे नेहमीच एकमेकांचे शत्रू नसतात. गाव सोडून गेलेला मनुष्य गावाच्या आवाजात आपला आवाज मिळवू शकतो. मंत्रालयात कोणत्या खात्याकडे अर्ज करावयाचा, विम्याच्या दाव्याविरुद्ध दाद कोठे मागावयाची, माहितीच्या अधिकारात काय विचारावयाचे, हे त्याला ठाऊक असते. पण त्यासाठी आधी त्याला ती फाइल पाहावयास मिळाली पाहिजे. सारांशावर अर्ज लिहिता येत नाही. सारांशावर फक्त सल्ला देता येतो. आणि गावी राहिलेल्या माणसास शहरातून आलेल्याचा सल्ला आधीच पोटभर मिळालेला असतो.

पुढच्या भेटीची तारीख

यावर ‘गावी अधिक दिवस राहावे’ असा उपदेश करणे सोपे आहे आणि निरुपयोगी आहे. नैमित्तिक रजा मोजकी असते, मुलांच्या परीक्षा असतात, गाडीचे आरक्षण मिळत नाही. ज्यास रजा वाढविता येत नाही, त्यास रजा वाढवा म्हणून सांगण्यात काय हशील? परंतु ॲक्सेलरॉडचा मुद्दा नीट पाहिला तर त्यात एक आशादायक गोष्ट आहे. भविष्याची सावली मुक्कामाच्या लांबीवर अवलंबून नसते. पुढची भेट किती निश्चित आहे, यावर ती अवलंबून असते. महिनाभर राहून पाच वर्षे तोंड न दाखविणाऱ्यापेक्षा, दर चार महिन्यांनी दोन दिवस येणाऱ्यापाशी माणूस अधिक मोकळे बोलेल.

तेव्हा काही साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सगळ्यांनी गणपतीतच जाण्याऐवजी एखादी खेप बिनसणाची करावी. सणात गाव आपल्या स्वागतात असते आणि प्रत्येक मित्र यजमान असतो. आषाढात किंवा मार्गशीर्षात तो आपल्या कामात असतो आणि त्याचे काम आपल्याला दिसते. एका खेपेत वीस घरांचा चहा पिण्यापेक्षा दोन घरी पुरती संध्याकाळ द्यावी. उरलेल्या अठरा जणांची पाळी पुढच्या वेळी येईल. गेल्या खेपेस जे बोलणे अर्धे राहिले, तेथून सुरुवात करावी. वाण्याच्या वहीत जशी ‘मागील पानावरून पुढे’ ही ओळ असते, तशी मैत्रीच्या खात्यातही असावी. ‘काय नवीन?’ या प्रश्नास ‘काही नाही’ हे तयार उत्तर असते. ‘त्या बँकेच्या हप्त्याचं काय झालं?’ या प्रश्नास खरे उत्तर द्यावे लागते. आणि ज्यांच्या खिशात आपल्या घराची किल्ली आहे, त्यांना निदान असे विचारावे, की या कामात तुझा किती वेळ जातो आणि त्यातले काही दुसऱ्या कोणाकडे सोपविता येईल का.

आपलाही सारांश न सांगता थोडा तपशील सांगावा. आपली अडचण सांगितल्याने गावातल्या मित्रापुढे आपण लहान होतो, ही समजूत चुकीची आहे. पहिली उधारी कोणीतरी द्यावीच लागते. ती बाहेरून आलेल्याने दिली, तर राहिलेल्यास आपली फाइल काढणे सोपे जाते.

‘कधी जाणार?’ या प्रश्नाला खरे उत्तर देणे भागच आहे, आणि ते बहुधा ‘उद्या’ असेच असेल. त्याला एका वाक्याची जोड मात्र देता येते: ‘उद्या जातो, पण दिवाळीनंतर पहिल्या शनिवारी पुन्हा येतो, तोवर कागद मला पाठवून ठेव.’ एवढे सांगून ती तारीख पाळणे हे फार मोठे समाजकार्य नव्हे. परंतु दर वर्षी गावी जाऊन येणाऱ्या हजारो माणसांपैकी काहींनी जरी ते केले, तरी बंद घरांच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या, गाळाने भरलेल्या नदीसाठी उपोषणास बसणाऱ्या आणि आठव्या महिन्यात एकटे पडणाऱ्या माणसांना आपले ऐकणारे कोणीतरी ठरल्या दिवशी येणार आहे, एवढा भरवसा मिळेल. आज तेवढीच गोष्ट त्यांना कोणत्याही योजनेतून मिळत नाही.